बरे वाटले, मग गोळ्या कशाला?

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो. झोप लागते, भूक लागते, हळूहळू कामात लक्ष लागते. दोन-तीन महिन्यांत घरचे म्हणू लागतात, ‘आता पहिल्यासारखी बोलायला लागली.’ आणि पुष्कळदा नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या बंद होतात. कुणाला शेजारी सांगतात, ‘झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल.’ कुणाचे लग्न ठरलेले असते आणि सासरी कळू द्यायचे नसते. कुणाला दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडवून रुग्णालयात येणे परवडत नाही. काही महिन्यांनी तोच रुग्ण जुना केसपेपर घेऊन परत येतो. झोप पुन्हा उडालेली असते. सोबत आलेला भाऊ म्हणतो, ‘गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही.’

उपयोग झाला होता, मुदत पुरी झाली नव्हती. क्षयरोगात वजन वाढले, खोकला थांबला, तरी औषधाचा कोर्स पूर्ण करावा लागतो, हे आता बहुतेकांना पटले आहे. नैराश्याबाबत ते अजून पटलेले नाही. लक्षणे जाणे म्हणजे आजार शमणे नव्हे. नैराश्य पहिल्यांदाच आले असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने त्याच डोसमध्ये औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ही मुदत पहिल्या गोळीपासून नव्हे, तर बरे वाटल्यापासून मोजायची. आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा उलटला असेल, फार तीव्र असेल किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल, तर किमान दोन वर्षे, काहींना त्याहूनही जास्त काळ औषध लागते.

याला आधार आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू असलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांत, तर औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांत नैराश्य परतले होते.

पण म्हणून गोळी जन्मभर घ्यायची का? २०२१ मध्ये इंग्लंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात ४७८ रुग्ण होते. ते बरेच दिवस औषध घेत होते, बरे होते आणि औषध थांबवण्याचा विचार करत होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्या गटात ३९ टक्के, तर हळूहळू बंद केलेल्या गटात ५६ टक्के रुग्णांना नैराश्याने पुन्हा गाठले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. औषधाने संरक्षण मिळते, पण ते पुरते नसते. आणि औषध थांबवूनही १०० पैकी ४४ जण वर्षभर ठीक राहिले. त्यामुळे ‘लवकर सोडा’ आणि ‘कधीच सोडू नका’ ही दोन्ही उत्तरे सरसकट देता येत नाहीत.

खरा दोष आहे तो ठरवूनच न टाकण्याचा. एकीकडे दोन महिन्यांत रुग्ण स्वतःच औषध सोडतो. दुसरीकडे कुणी वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून तीच गोळी घेत राहतो. वजन वाढणे, लैंगिक इच्छा कमी होणे, भावना बोथट वाटणे असे त्रास तो निमूटपणे सोसतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दर खेपेला डॉक्टर बदललेला असतो, बाहेर रांग असते. चिठ्ठीवर ‘तेच औषध चालू ठेवा’ एवढेच लिहिले जाते. रुग्णालयात गोळी संपलेली असली, तर तेही राहते, आणि औषध कुणीच न ठरवता बंद पडते.

असे अचानक बंद पडणे वाईट. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, त्यांची ओढ लागत नाही. पण मेंदूला त्यांची सवय झालेली असते. एकदम थांबवल्यास काहींना चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या औषधांत हे जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी. बहुधा हा त्रास काही दिवसांतच सुरू होतो. आजार मात्र सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू परततो. हा फरक कुणी समजावून सांगितला नाही, तर ‘आता जन्मभर सुटका नाही’ असा रुग्णाचा समज होतो. म्हणून डोस पायरीपायरीने, काही आठवडे किंवा महिने घेत कमी करावा. परीक्षा, बाळंतपण, नोकरीबदल किंवा घरातला मृत्यू असा काळ त्यासाठी निवडू नये. पहाटे जाग येणे, माणसे नकोशी वाटणे ही सुरुवातीची लक्षणे घरातल्या एकाला तरी माहीत असावीत.

बोलून केलेले मानसोपचारही आजार उलटण्याचा धोका कमी करतात, पण जिल्ह्याबाहेरच्या रुग्णाला मानसशास्त्रज्ञ मिळणे आजही दुर्मीळ. ती उणीव एका दिवसात भरून निघणार नाही. पण एक गोष्ट उद्यापासून, पैशाशिवाय होऊ शकते. प्रत्येक केसपेपरवर तीन नोंदी हव्यात: नैराश्याची ही कितवी खेप, पूर्ण बरे कधीपासून वाटते आणि औषध थांबवण्याबाबत कोणत्या महिन्यात बोलायचे. डॉक्टर बदलला तरी कागद तोच राहतो. आणि डॉक्टरांनी लिहिले नाही, तर रुग्णाने पहिल्याच भेटीत विचारावे, ‘डॉक्टर, किती दिवस?’ तज्ज्ञ जवळपास नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक मोफत आहे. गोळी बंद करायला हरकत नाही, पण ती संकोचाने, गैरसमजाने किंवा साठा संपला म्हणून बंद होऊ नये. दोघांनी बसून, तारीख ठरवून ती बंद व्हावी.