सबवूफर, अँप्लिफायर आणि पेटी : खरेदीपूर्वीचें गणित

मनमाडांत राहणाऱ्यास खर्जाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. रात्रीं लांबलचक मालगाडी स्टेशनांतून जाऊं लागली म्हणजे खिडकीचीं तावदानें थरथरतात, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसास तो नाद कानापेक्षां छातींतच अधिक जाणवतो. हल्लीं मोटारींत सबवूफर नांवाचा जो मोठा कर्णा बसवितात, त्याचें काम असाच खर्ज उत्पन्न करण्याचें. सेकंदास सुमारें २० पासून ८० पर्यंत आंदोलनांचा नाद त्याच्या वांट्यास येतो.

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें घरच्या मोटारीसाठीं बारा इंची दोन सबवूफर, एक अँप्लिफायर व एक तयार पेटी असा सरंजाम आणला. पहिल्या वर्षाच्या पगारांतून शिल्लक टाकून त्यानें ही हौस पुरविली होती, म्हणून घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु पंधरा दिवसांतच रडकथा सुरू झाली. गाणें लावल्यावर दहा मिनिटांत अँप्लिफायर तापून बंद पडे. आणि चालू असे तेव्हां पखवाजाचा प्रत्येक घाव निराळा न उमटतां सर्वांचा मिळून एकच गडगडाट होई.

“काका, माल तर चांगल्यांतला घेतला, मग असें कां व्हावें?” असें त्यानें विचारलें. माल चांगला होता हें खरें. पण तो एकमेकांस साजेसा नव्हता. आम्हीं त्यास कागद-पेन्सिल घेऊन शेजारीं बसविलें. त्या बैठकींत जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों; कारण ही हौस आतां पुष्कळ घरांत शिरली आहे.

पहिली गोष्ट वॅटांची. सबवूफरच्या खोक्यावर ‘१२०० वॅट’ असें ठसठशीत छापलें होतें. आंतील पत्रकांत मात्र बारीक अक्षरांत ‘आरएमएस ३०० वॅट’ असा आंकडा होता. पहिला आंकडा क्षणभर सोसवणाऱ्या जोराचा, दुसरा सतत सोसवणाऱ्या. हमाल एखादी जड गोणी क्षणभर डोक्यावर उचलील. पण ती घेऊन तो कोसभर चालेल काय? म्हणून सबवूफर व अँप्लिफायर या दोहोंचाहि आरएमएसचाच आंकडा पाहावा, आणि ते दोन आंकडे एकमेकांच्या जवळ असावे.

दुसरी गोष्ट ओहमची, आणि खरी चूक येथेंच झाली होती. सबवूफरच्या आंत तारेचें वेटोळें असतें. या सबवूफरांत प्रत्येकीं दोन वेटोळीं होतीं, व प्रत्येक वेटोळें ४ ओहमचें. सारखीं दोन वेटोळीं एकापुढें एक जोडलीं तर ओहमांची बेरीज होते. समांतर जोडलीं तर एकाचे निम्मे होतात. दोन सबवूफर मिळून वेटोळीं चार. सर्व समांतर जोडलीं तर १ ओहम; सर्व एकापुढें एक जोडलीं तर १६; जोड्या करून मिश्र रीतीनें जोडलीं तर ४. चारहि वेटोळ्यांस सारखा वांटा देऊन २ ओहम कांहीं केल्या येत नाहींत. आतां अँप्लिफायरच्या पत्रकांत लिहिलें होतें : ४ ओहमवर १५० वॅट, २ ओहमवर २५० वॅट, २ ओहमहून कमी जोडूं नये. कारागिरानें जोडणी केली होती १ ओहमची! ओहम कमी झाले कीं प्रवाह वाढतो, हा नियम गेऑर्ग ओहम यानें १८२७ सालींच सांगून ठेविला आहे. त्या यंत्रानें तापून बंद पडावें, यांत त्याचा दोष कोणता?

४ ओहमची जोडणी यंत्रास मानवली असती. पण दोन सबवूफरांस दुप्पट पेटी लागते, आणि मग डिकींत प्रवासाचें सामान ठेवावयाचें कोठें? उलट एकाच सबवूफरचीं दोन वेटोळीं समांतर जोडलीं म्हणजे २ ओहम होतात, व त्या एकट्यास २५० वॅट मिळतात. तेव्हां एक ठेवून दुसरा परत करण्याचें ठरलें.

तिसरी गोष्ट पेटीची. सबवूफरचा पडदा पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. ४० आंदोलनांच्या स्वराची लहर सुमारें साडेआठ मीटर, म्हणजे आमच्या मोटारीहून बरीच लांब असते. म्हणून पेटी नसेल तर पुढचा व मागचा नाद एकमेकांस खाऊन टाकतात. वेदान्तांत घटाकाशाचा दृष्टान्त देतात. येथें घटांतील हवेस प्रत्यक्ष काम करावें लागतें. बंद पेटींत ती स्प्रिंगप्रमाणें पडद्यास आवरून धरते. अमेरिकेंत एडगर विल्चर यानें १९५४ सालीं याच तत्त्वावर लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. दुसरी नळी बसविलेली पेटी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां जसा घुमारा निघतो, तसा तिचा एक ठराविक स्वर असतो. त्या स्वराच्या आसपास ती मोठा आवाज देते. पण तिला जागा अधिक लागते, आणि माप चुकलें तर कोणतेंहि गाणें लावा, तोच एक हुंकार ऐकूं येतो. पुतण्याची तयार पेटी याच जातीची, आणि दुसऱ्याच कोणत्या सबवूफरच्या मापाची होती. नवशिक्यानें बंद पेटीच करावी.

पत्रकांत बंद पेटीस १ घनफूट माप दिलें होतें. पुतण्यानें आंखलेली पेटी बाहेरून साडेसोळा, साडेतेरा व साडेअकरा इंच. म्हणजे जवळजवळ दीड घनफूट. “फार मोठी होते,” असें म्हणून तो खोडूं लागला. पण फळी पाऊण इंच जाड. प्रत्येक बाजूचे दीड इंच वजा करतां आंत १५, १२ व १० इंच उरतात, म्हणजे १८०० घनइंच. घनफुटाचे घनइंच १७२८. सबवूफरनें व्यापलेली जागा सोडतां माप जवळजवळ नेमकें बसलें. माप नेहमीं आंतून घ्यावें.

चौथी गोष्ट तारेची. ती न पाहिली तर जिवावर बेतते. बॉनेट उघडून पाहतों तों बॅटरीपासून निघालेली जाड तार फ्यूजशिवाय, पत्र्याच्या भोकांतून रबरी कडें न घालतां ओढलेली. घासून तिचें आवरण अर्धें झिजलें होतें! ती पत्र्यास टेकली असती तर क्षणांत लाल होऊन पेटली असती. आणि ती गेली होती नेमकी त्या बैठकीखालून, जेथें आमच्या मातोश्री पतवंडांस घेऊन बसतात. आठच दिवसांनीं सर्व मंडळी शिर्डीस जावयाची होती. पुतण्या कांहीं बोलला नाहीं; त्यानें मुकाट्यानें बॅटरीची तार सोडविली.

हिशेब असा : २५० वॅट बाहेर द्यावयाचे, तर उष्णतेंत जाणारे धरून आंत सुमारें ३१५ घ्यावे लागतात, १२ व्होल्टांस भागतां २६ अँपिअर. त्यास ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आंत बसविला, व ८ गेजची अस्सल तांब्याची तार घातली.

शेवटीं ‘गेन’ची कळ. ती आवाजाची कळ नव्हे. २५० ला २ नें गुणून वर्गमूळ काढतां सुमारें २२.४ येतात. सबवूफरची तार सोडून, ५० आंदोलनांचा परीक्षास्वर लावून, व्होल्टमीटरवर तितके व्होल्ट येईपर्यंत ती फिरविली व तेथेंच सोडली.

शिर्डीच्या वाटेवर येवल्याच्या पुढें अभंग लागला, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “आतां मृदंग मृदंगासारखा वाजतो रे, पण बाळ निजलें आहे, थोडा हळू कर.” पुतण्यानें तत्काळ आवाज उतरविला. हिशेबाचा तो कागद त्यानें पेटीच्या पाठीस चिकटवून ठेविला आहे; पुढें जो कारागीर हात लावील, त्यास तो आधीं वाचावा लागेल.