हिरव्या रकान्यांचं खोटं

माझा मावसभाऊ एका छोट्या मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. गुहागरला घरी आला की पहिले चार दिवस नुसता झोपतो. गेल्या सुट्टीत मी त्याला कौतुकाने माझं काम दाखवलं: जहाजावरच्या लोकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. विश्रांती कमी भरली की रकाना लाल होतो. तो हसला. म्हणाला, "बरं आहे रे. लाल दिसला की हिरवा होईपर्यंत तास बदलायचे."

म्हणजे नियम पाळला जावा म्हणून मी जे बनवलं, ते बिनचूक खोटं लिहायला उपयोगी पडतंय!

कागदावर नियम चोख आहे. २००६चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. विश्रांती २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास.

आता साधं गणित करा. दोनच अधिकारी आळीपाळीने सहा-सहा तास वॉच करतात. आठवड्याचे प्रत्येकी ८४ तास झाले. १६८ मधून ७७ गेले, उरले ९१. म्हणजे वॉचपलीकडच्या कामाला रोज फक्त एक तास. त्यात माल चढवणं-उतरवणं, कवायती, कागदपत्रं. बसतं? तरी रकाने हिरवेच.

नोंदींची ही फिरवाफिरवी सर्रास चालते, हे स्वीडनमधल्या वर्ल्ड मेरीटाइम युनिव्हर्सिटीने २०२० च्या अहवालात मांडलंय. थकव्याचं काय होतं तेही माहीत आहे. २०१० मध्ये 'शेन नेंग १' हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वॉचवरचा अधिकारी आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोपला होता.

"निरीक्षक वाढवा, सगळं डिजिटल करा," असं म्हणणाऱ्यांनो, खोटी नोंद दहा जणांनी तपासली म्हणून खरी होते का? निरीक्षकाने आधी माणसं मोजावीत, मग तास. एवढ्या माणसांत एवढं काम बसत नसेल तर जहाज सोडू नये. पण कमीत कमी किती माणसं हवीत हे ठरवतो जहाजावर ज्याचा झेंडा तो देश, आणि झेंडा निवडतो मालक. खरी गोम इथे आहे.

मी ऑफिसात सुचवलं, तास बदलला तरी जुना आकडा पुसू नये, निरीक्षकाला दोन्ही दिसावेत. उत्तर आलं, "मग विकत कोण घेईल?"

म्हणूनच हे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. नियमातच घाला.