भुलीला दोष का देता?

हृदयाला जन्मतः भोक असलेल्या लेकीला दिवस गेले, की हिंडलग्यापासून निपाणीपर्यंत कुठल्याही घरात तीन सल्ले हमखास मिळतात. 'एवढं दुखणं असताना मूल हवंच कशाला?' हा पहिला. 'कमरेत सुई घेऊ नका, तिच्या हृदयाला भूल झेपायची नाही,' हा दुसरा. तिसरा शिकलेल्यांचा लाडका, 'कळांच्या भानगडीत पडूच नका, तारीख बघून सिझर उरका.' तिन्हींमागे माया आहे, हे कबूल. पण मायेपोटी दिला म्हणून चुकीचा सल्ला बरोबर ठरत नाही.

पहिल्या सल्ल्यात तथ्य आहे, पण थोड्याच जणींपुरतं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब कायमचा चढलेला असेल आणि ओठ-नखं निळी पडत असतील, तर गर्भारपण जिवावर बेतू शकतं. अशा बाईला 'मूल राहू देऊ नका' म्हणणारा डॉक्टर क्रूर नसतो. पण लहानपणीच भोक बुजवलेल्या आणि आज तीन जिने न थांबता चढणाऱ्या मुलीला त्याच पंक्तीत बसवायचं कारण काय? 2007 ते 2018 या काळात 53 देशांत हृदयविकार असलेल्या बायकांच्या 5739 गर्भारपणांची नोंद झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा विकार जन्मजात होता. सगळ्या मिळून मातामृत्यूचं प्रमाण 0.6 टक्के भरलं. निरोगी बायकांपेक्षा ते नक्कीच जास्त आहे. पण 'मूल नकोच' असा सरसकट हुकूम त्यातून निघत नाही.

दुसरा सल्ला मात्र मुळातच उलटा आहे. भूल हृदयाला झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कळा झेपतात का? गर्भारपणात हृदयाचं काम 30 ते 50 टक्के वाढलेलंच असतं. त्यात प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातलं 300 ते 500 मिलिलिटर रक्त अंगात लोटलं जातं. वेदनेने नाडी पळते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो. निरोगी बाई हे सोसून नेते. अरुंद झडपेच्या बाईला तीच धावपळ भोवते. 'आमच्या आज्जीने दहा बाळंतपणं सोसली' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण आज्जीच्या हृदयाला भोक नव्हतं.

ही धावपळ आटोक्यात ठेवते ती कमरेतून दिलेली भूल, म्हणजे एपिड्युरल. ती कशी देतात ते जवळून बघा. बाई पाठ बाकदार करून बसते. कातडी बधिर करून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात, तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. मग त्या नळीतून औषध थोडं थोडं, थांबून थांबून जातं. मनगटाच्या धमनीत बसवलेली सुई ठोक्याठोक्याचा रक्तदाब पडद्यावर दाखवते. दाब जरा उतरला की हात थांबतो. सिस्टर सलाईनच्या नळीला टिचक्या मारून हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढते, कारण भोक उघडं असेल तर तोच बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. धोका असतो तो पूर्ण मात्रा एकदम टोचलेल्या स्पायनल भुलीचा. तिने दाब धाडकन कोसळतो, आणि उजवीकडचं अशुद्ध रक्त डावीकडे मिसळणाऱ्या हृदयात तसं झालं तर बाई बघता बघता निळी पडते. सांगोवांगीच्या भयकथा बहुधा इथूनच येतात. त्यात दोष घाईचा, आणि खापर फुटतं भुलीवर.

तिसऱ्या सल्ल्याचं खंडन सोपं आहे. सिझरमध्ये रक्त जास्त जातं, संसर्गाची आणि रक्ताच्या गुठळीची भीती वाढते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांचा कलही बहुतेकींच्या बाबतीत एपिड्युरलखालच्या नैसर्गिक बाळंतपणाकडेच असतो. सिझर लागतं, पण ते मोजक्या कारणांसाठी. आणि सिझर केलं म्हणजे भूल टळली, असं समजणाऱ्यांना काय म्हणावं?

खरी परीक्षा तर बाळ बाहेर आल्यावर असते. नातेवाईक कुंदा वाटायला निघतात, नेमकं तेव्हाच गर्भाशय आवळून रक्त एकदम हृदयाकडे परततं. गर्भाशय आवळायचं ऑक्सिटोसिन शिरेत झटक्यात दिलं तर दाब पडतो, म्हणून ते हळूहळूच सोडावं लागतं. त्याच कामाच्या मेथर्जिनने दाब चढतो. कुणाला काय चालतं हे आधी लिहून ठेवलेलं हवं, आणि पुढचे दोन-तीन दिवस बाळंतीण नजरेखाली हवी.

'हे मोठ्या शहरांचे चोचले, आपल्याकडे कुठलं?' असंही ऐकवलं जातं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये 1620 बायकांवर झालेला अभ्यास 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं, आणि त्या गोळ्या गावातल्या नर्सबाईंनी दिल्या होत्या. तेव्हा आपल्याकडे काही होत नाही, हे रडगाणं पुरे. उणीव आहे ती वेळेवर गाठ पडण्याची. सीमाभागातल्या 865 गावांना कुणाच्या योजनेचा लाभ द्यायचा यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही सरकारं भांडतात, 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे भाषणं होतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ असतो का, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एकदा विचारून बघा.

पण सगळं सरकारवर ढकलूनही चालणार नाही. लग्न जमवताना लेकीच्या ऑपरेशनची फाइल माहेरच्या कपाटात दडवली जाते आणि कळा सुरू झाल्यावरही ती बाहेर येत नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या मोठ्या मात्रेनंतर 24 तास कमरेत सुई घालता येत नाही. हे टेबलावर झोपवल्यावर कळून काय उपयोग? माहेरच्यांनी ती फाइल पहिल्याच तपासणीला द्यावी. सासरच्यांनी तिच्यावरून भांडू नये. गर्भारपणाच्या नोंदींच्या तायी कार्डावर विकाराचं नाव ठळक लिहून घ्यावं, आणि पाचवा महिना लागला की नवा एको घेऊन, हृदयविभाग असलेल्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाकडे लेकीला स्वतः घेऊन जावं.