आडवा वारा आणि माघारीचे शहाणपण

लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या कोपऱ्यावर पावसाळ्यात वळले की वारा अचानक अंगावर येतो. छत्री उलटी होते आणि चार पावलांवर पुन्हा सारे शांत. इमारतीला अडलेला वारा कडेने जोरात निसटतो, म्हणून असे होते. धावपट्टीजवळची हँगर आणि झाडेही वाऱ्याला अशीच खोडी काढायला लावतात. फरक एवढाच, की तिथे छत्रीऐवजी विमान असते.

१३ मे २०२४ च्या वादळाने घाटकोपरचा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्याच दुपारी मुंबई विमानतळावरील उड्डाणे सुमारे तासभर थांबली आणि १५ विमाने इतरत्र वळवावी लागली. मोठ्या विमानांची ही कथा, तर छोट्यांचे काय?

प्रशिक्षणात वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान भरलेले असतानाही सुमारे ११०० किलोचे, म्हणजे एखाद्या मोटारीएवढे. चाचणीत ते १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेले आहे. ३० नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून आला, तरी त्याचा आडवा जोर १५ नॉट भरतो.

अशा वेळी वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखा तिरका खाली येतो. टेकण्याआधी नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो आणि वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवतो, त्यामुळे त्या बाजूचे चाक आधी टेकते. वारा १५ वरून २५ नॉटवर झेपावत असेल, तर त्या फरकाच्या निम्मा, म्हणजे ५ नॉट वेग जादा ठेवतो. चाके टेकली तरी काम संपत नाही. विमान मंदावेपर्यंत वाऱ्याकडचा पंख दाबून धरावा लागतो.

हे हातांचे कौशल्य झाले. खरी परीक्षा मेंदूची असते. ताणाखाली नाडी वाढते, हाताची पकड घट्ट होते आणि हलक्या हाताने करायची दुरुस्ती झटक्याने होते. लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. धावपट्टी समोर दिसत असते, मागे प्रवासी घाईत असतात आणि 'आता उतरूच' हा विचार बाकीचे इशारे झाकून टाकतो. भूल देताना श्वासनलिकेत नळी बसत नसेल, तर डॉक्टरचेही असेच होऊ शकते. म्हणूनच किती प्रयत्नांनंतर थांबायचे, हे तिथे आधीच ठरलेले असते. वैमानिकानेही मर्यादा जमिनीवर असतानाच ठरवायची असते. विमान रेषेत स्थिरावले नाही, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे. इंधनही तेवढे हाताशी हवे.

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई, तेव्हा ही सेवा पुण्याहून चाले. हवेपुढे हट्ट चालत नाही, हे त्या पिढीने व्यवहारातच मान्य केले होते.

आज मात्र विमान उतरता उतरता पुन्हा वर गेले, की 'थरार' आणि 'थोडक्यात बचावले' अशा बातम्या होतात. प्रत्यक्षात तो आजार नसून उपचार असतो. छोटे विमान भाड्याने घेणाऱ्याने वैमानिकाला वेळेची आठवण करून देऊ नये, आणि चालवणाऱ्या कंपनीने परत फिरलेल्या वैमानिकाकडे खुलासा मागू नये. उशीर भरून काढता येतो.