चरितार्थाचा चीन

गंगापूर रोडवरील एका सभागृहात गेल्या पावसाळ्यात आम्ही एक व्याख्यान ऐकले. विषय होता गो. पु. देशपांडे यांची नाटके. वक्ते व्यासंगी होते. 'उद्ध्वस्त धर्मशाळे'पासून 'सत्यशोधका'पर्यंत साऱ्यांचा परामर्श त्यांनी घेतला. मात्र जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील त्यांच्या दीर्घ चीनविषयक अध्यापनाची बोळवण त्यांनी एकाच वाक्यात केली : चीन हा त्यांचा चरितार्थ, नाटक हे जीवित. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आमची मान काही डोलली नाही.

१९३८ साली नाशकात जन्मलेला हा मनुष्य १९६२ च्या युद्धाच्या वेळी ऐन चोविशीत होता. ज्या पिढीस चीन हे नाव शिवीसारखे उच्चारावयाची सवय लागली, त्या पिढीतील मराठी तरुणाने त्याच देशाचे राजकारण व राज्यविचार यांस आयुष्य वाहावे, ही गोष्ट चरितार्थाच्या सदरात टाकण्याजोगी आहे काय? केवळ पोटच भरावयाचे तर सोपे मार्ग पुष्कळ होते. आणि 'उद्ध्वस्त धर्मशाळा' तरी काय आहे? मतांपायी चौकशीस उभ्या केलेल्या प्राध्यापकाचे ते नाटक. ते १९७४ साली आले तेव्हा चीनमध्ये सांस्कृतिक क्रांति अद्याप संपली नव्हती, आणि तिच्या आरंभीच्या वर्षांत तेथील प्राध्यापकांस भरसभेत उभे करून त्यांची विटंबना झालेली होती. नाटककाराने तेथून कथानक उचलले असे आम्ही म्हणत नाही. परंतु विचार आणि सत्ता यांचे नाते हा ज्याच्या रोजच्या अध्ययनाचा विषय, त्याचे अध्ययन त्याच्या नाटकातून वगळणे हा शुद्ध आळस होय.

हा आळस एकट्या वक्त्यांचा नव्हे, आपणा सर्वांचा आहे. पु. वि. बापटांनी १९३७ साली 'विसुद्धिमग्गा'शी 'विमुत्तिमग्गा'ची तुलना प्रसिद्ध केली. हा दुसरा ग्रंथ संपूर्ण असा केवळ चिनी भाषांतरातच उरला आहे. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेथील भाषा शिकले आणि १९४२ साली तेथेच वारले. एकास ग्रंथाने नेले, दुसऱ्यास रुग्णांनी. त्यानंतर आधुनिक, जिवंत चीनकडे वळणारी मराठी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

इंग्रजी पुस्तके आहेत, मग चिनी हवी कशाला, असे आमचे सुशिक्षित मित्र विचारतात. 'ग-मिंग' हा एकच शब्द घ्या. आपण त्याचे 'क्रांति' असे भाषांतर करून मोकळे होतो. परंतु 'मिंग' म्हणजे स्वर्गाने राजास दिलेला अधिकार. तो काढून घेतला जाणे, हा या शब्दाचा प्राचीन अर्थ. माओचे वाक्य इंग्रजीच्या दारातून मराठीत येईतो दोन हजारांहून अधिक वर्षांचा हा अर्थ वाटेतच गळून पडतो. आणि अशा गळक्या भांड्यातले पाणी पिऊन आपण शेजाऱ्याविषयी अग्रलेख लिहितो!

आम्हीही त्यांतलेच. पंचविशी उलटेपर्यंत इंग्रजीखेरीज जगाकडे पाहावयास खिडकी असते हे आमच्या ध्यानी आले नव्हते. पुढे एका महाविद्यालयात चिनी भाषेचा लहानसा वर्ग काढावा असे आम्ही सुचविले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो नोकऱ्यांचा. दुसरा प्रश्न आलाच नाही. आता पन्नाशीनंतर आम्ही घरीच ती चिन्हे गिरवीत बसतो. तीनशे ओळखू येतात. वर्तमानपत्र वाचण्यास दोन-तीन हजार तरी लागतात.

गो. पुं.वर पुढील व्याख्यान होईल तेव्हा निदान अर्धा तास चीनसाठी राखावा, अशी त्या सभेच्या चालकांस आमची विनंती आहे. पहिल्या रांगेत बसावयास आम्ही येऊ.