नावाला ओळख कुणाची?

रिझर्व्ह बँकेने २०२५ साली देशातल्या बँकांना एक हुकूम काढला. इंटरनेटवरचा आपला पत्ता ३१ ऑक्टोबरपर्यंत बदला आणि नव्या पत्त्याचा शेवट ‘बँक डॉट इन’ असाच असू द्या, असा तो हुकूम होता. मोठ्या व्यापारी बँकांपासून नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांपर्यंत सगळ्या त्यात आल्या. घरोघरी या बातमीची फारशी चर्चा झाली नसावी. सोन्याचा भाव चढला की आपल्याकडे चर्चा होते, पत्ता बदलला की होत नाही. पण बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती बातमी वाचून समाधान वाटले आणि पाठोपाठ थोडी चीडही आली.

चीड येण्याचे कारण जुने आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात सातवे कलम आहे. परवाना नसलेल्या कुणालाही धंद्याच्या नावात ‘बँक’ हा शब्द लावता येणार नाही, असे ते सांगते. उद्या कुणी बाजारपेठेत गाळा घेऊन बाहेर ‘अमुक बँक’ अशी पाटी ठोकली, तर कायदा त्याला जाब विचारू शकतो. इंटरनेटवर मात्र हाच शब्द जोडून केलेले नाव कुणीही काही शे रुपये भरून, चहा गार व्हायच्या आत स्वतःच्या नावे करून घेत होता. रस्त्यावरच्या पाटीला जो पहारा १९४९ पासून आहे, तो पडद्यावरच्या पाटीला बसायला २०२५ उजाडावे लागले. मधल्या काळात किती पेन्शनरांची पुंजी बनावट पाट्यांखाली गेली असेल, याचा विचार केला की समाधान ओसरते.

ही पाटी म्हणजेच डोमेन नेम. शब्द परका असला तरी तिची ठेवण मराठी माणसाला चटकन कळावी अशी आहे. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन तज्ज्ञाने नावांची पद्धत आखली. आपण नाव लिहायचे आणि यंत्राने नोंदवहीत पाहून त्यापुढचा आकडा शोधायचा. आता हे नाव कसे लिहितात पाहा. पोस्टकार्डावर आपण मु. पो., मग ता., मग जि. असे लिहीत आलो, लहानाकडून मोठ्याकडे. डोमेन नेमही तसेच. अगदी उजवीकडचे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ म्हणजे जिल्हा. त्याच्या लगत डावीकडे असलेला शब्द म्हणजे तालुका, आणि खरा मालक तोच. त्याच्याही डावीकडे काय लिहायचे ते त्या मालकाच्या मर्जीवर आहे. तिथे तो ‘राष्ट्रपती भवन’ असे लिहू शकतो, कुणी त्याला अडवत नाही.

ठगांची सारी कला या एवढ्याशा जागेत आहे. ते तुमच्या बँकेचे नाव, अगदी शुद्धलेखनासह, सगळ्यांत डावीकडे लिहितात. मग एक टिंब, मग भलताच शब्द आणि मग डॉट कॉम. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचे नाव दिसले की निश्चिंत होतो आणि पुढचे वाचतच नाही. नाव नगराचे, पण जिल्हा भलताच, असे पाकीट हाती पडले तर आपला पोस्टमन दारातच थबकेल. पडद्यावर थबकायचे काम आपले आहे. पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपाशी संपतो. तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचत यायचे. ‘बँक डॉट इन’ हा जोडशब्द आता एक अख्खा जिल्हा झाला आहे आणि त्यात घर बांधायला परवानाधारक बँकेलाच जागा मिळते. हे नाव देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. १९९६ साली रिझर्व्ह बँकेनेच ती स्थापन केली.

मी नोकरीला लागलो तेव्हा खाते उघडायला ‘ओळख’ लागायची. फॉर्मवर जुन्या खातेदाराने सही करायची, मी या गृहस्थांना इतकी वर्षे ओळखतो. फर्मचे चालू खाते असेल तर भागीदारी पत्र, शॉप अ‍ॅक्टचा दाखला आणि मग नमुना सहीचे कार्ड. लोक वैतागायचे. ‘साहेब, माझेच पैसे ठेवायला मलाच जामीन?’ असे एका किराणा व्यापाऱ्याने मला विचारले होते. त्याला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण उत्तर साधे होते: नाव तुमचे असले तरी त्या नावाचा चेक तिसऱ्याच माणसाच्या हाती जाणार आहे, आणि ओळख त्या तिसऱ्या माणसासाठी आहे. डोमेन नेमच्या व्यवहारात हा तिसरा माणूसच कुणी हिशेबात धरला नाही. जो आधी येईल त्याचे नाव, एवढाच नियम.

सुरुवातीला तर ही नावे फुकट मिळायची; १९९५ पासून डॉट कॉमला वर्षाला पन्नास डॉलर पडू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्सचे नाव गंमत म्हणून स्वतःच्या नावे नोंदवले आणि मग त्याविषयी लिहिले. शेवटी कंपनीने न्यूयॉर्कच्या एका शाळेला इंटरनेटसाठी पैसे दिले, तेव्हा त्याने नाव सोडले. पुढे जे आले त्यांनी शाळेसाठी काही मागितले नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफचा खटला उभा राहिला. समोरच्याने एका अक्षराचा फरक करून ‘रॅडिफ’ नाव घेतले होते. न्यायालयाने त्याला मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, ते व्यापारी नावही आहे आणि त्याच्या आडून दुसऱ्याची पत लाटता येणार नाही. निकाल चांगला आहे. पण न्यायालयात कंपनी जाते. फसलेली आजी जात नाही.

(माझ्या स्वतःच्या नावाचे डॉट कॉम केव्हाच गेले आहे. माझ्याच नावाआडनावाचे एक जागांचे दलाल आहेत, त्यांनी ते घेतले. तक्रार करायला जागा नाही. त्यांचेही बारसे रीतसर झाले असणार. कधीतरी एखादा वाचक कादंबरीविषयी त्यांना लिहीत असेल आणि ते त्याला वन बीएचके दाखवत असतील.)

नाव घेण्याइतकीच नाव राखण्याची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि इथे दोष ठगांचा नसतो. डोमेन नेम विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत संपली, पैसे भरले नाहीत, तर काही आठवडे सवलतीचे जातात आणि मग ते नाव पुन्हा बाजारात येते. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्टचे एका नावाचे पस्तीस डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेलवाल्यांना आपली पत्रे उघडता येईनात. एका तिऱ्हाईत प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरून ते नाव सोडवले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर?

दुसरा कुणी असला की काय होते ते मी आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या बाबतीत पाहिले. कुणा सभासदाच्या हुशार पुतण्याने हौसेने संकेतस्थळ करून दिले होते. नाव त्याने स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या कार्डावर घेतले. कार्यकारिणीने त्याला नारळ आणि शाल दिली आणि विषय संपला. पुतण्या कॅनडाला गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याने बंद केलेल्या ई-मेलवर जात राहिल्या. एके दिवशी एका पाचवीतल्या मुलाने बालवाचन स्पर्धेच्या पत्रकावरचा पत्ता टाइप केला, तर समोर जुगाराचा अड्डा. नाव वाचनालयाचे, आत पत्ते आणि सट्टा. पत्रके छापलेली, प्रशस्तिपत्रांवरही तोच पत्ता. चौकशी केली तेव्हा कळले की यात गुन्हा असा कुणी केलेलाच नाही. सुटलेले नाव ज्याने घेतले त्याने नियमाप्रमाणेच घेतले.

याच वाचनालयाच्या कपाटांवर क्रमांक घातलेले आहेत. भिंतीवरच्या घड्याळाची नोंद मालमत्ता रजिस्टरात आहे, ते कुणी दिले तेही लिहिलेले आहे. फक्त ज्या नावाने जग संस्थेला शोधते त्या नावाची नोंद कुठेच नव्हती. हे नाव संस्थेच्या ई-मेलवर, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घ्यायला हवे होते. त्याचा पासवर्ड लॉकरच्या किल्लीसारखा दोघांकडे हवा होता आणि मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहायला हवी होती. यात तंत्रज्ञान काही नाही. कुठल्याही जुन्या हेडक्लार्कने हे डोळे मिटून केले असते.

आपल्या भाषेतही आता पाटी लावता येते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळते, मराठीसाठीही. मला त्याचा आनंद आहे, पण आनंदात एक सावधगिरी मिसळतो. रोमनमध्ये आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, आणि ठग त्याचा फायदा घेतात. आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक करायला चाळिशीच्या चष्म्याला किती वेळ लागतो, ते मोबाइलवर एकदा करून पाहा.

खरी काळजी मला पतसंस्थांची वाटते. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसल्यामुळे त्यांना ‘बँक डॉट इन’ मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण महाराष्ट्रातल्या किती घरांच्या ठेवी तिथे आहेत! भाजीवाल्यांची पिग्मी तिथे, शिक्षकांची निवृत्तीची रक्कम तिथे. बँकांची खिडकी बंद झाली की ठग शेजारच्या खिडकीशी जाणार. सहकारी संस्थांसाठी ‘डॉट कूप’ हा शेवट २००२ पासून आहे. संस्था खरोखर सहकारी आहे याची खात्री करूनच तो देतात. अमूलचा ई-मेल पत्ता त्याच शेवटाचा आहे. आपल्या सहकार खात्याने एक तर तो पतसंस्थांना सक्तीचा करावा, नाहीतर रिझर्व्ह बँकेसारखा स्वतःचा एक जिल्हा आखावा. लेखापरीक्षणाच्या अहवालात ‘संस्थेचे डोमेन नेम, कुणाच्या नावे, मुदत कधीपर्यंत’ असा एक रकाना वाढवायला तर शासनाचा एक रुपयाही लागणार नाही.

तोवर घरातल्यांनी आपल्यापुरते एवढे करावे. बँकेचा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेतून घेऊन स्वतः टाइप करावा, आलेल्या निरोपातल्या निळ्या ओळीवर बोट ठेवू नये. पैसे गेलेच तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येतात. घरातल्या नातवंडांनी आजीआजोबांच्या फोनची चेष्टा न करता पत्ता उजवीकडून कसा वाचायचा ते त्यांना दाखवावे. मु. पो., ता., जि. त्यांना तुमच्याहून चांगले येते.

आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्याच लागतात. या वेळी लाभांश किती आणि भेटवस्तू काय, हे विचारून झाल्यावर नाश्त्याची पाकिटे वाटायच्या आधी एका सभासदाने उभे राहून विचारावे: आपल्या संस्थेचे इंटरनेटवरचे नाव कुणाच्या नावावर आहे? व्यासपीठावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर पाकीट खाली ठेवून दुसराही प्रश्न विचारावा, त्याची मुदत कधी संपते.