बंदर बारमाही, आपला रस्ता आठमाही

तापी नदी राष्ट्रीय जलमार्ग आहे. थट्टा नाही. 2016 साली संसदेनं राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला. आधी पाच जलमार्ग होते, त्यात 106 नवे घातले आणि 111 झाले. त्या यादीत शंभराव्या नंबरावर तापी आहे, हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंत 436 किलोमीटर. नर्मदा आहे, पैनगंगा-वर्धा आहे. आपल्या सातपुड्याचे नाले खाली उतरून पूर्णेला मिळतात, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि हतनूर तिथून जवळच. म्हणजे कागदावर पाहिलं तर जहाज आपल्या दाराशी येऊन उभं आहे.

आता खाली उतरून पाहा. हतनूरच्या खाली शेळगाव, पाडळसे, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई, काकरापार. धरणामागं धरण, बंधाऱ्यामागं बंधारा. जहाज काय उडी मारून जाणार? उन्हाळ्यात तर नदीच्या पोटातून बैलगाडी जाते. हा कायदा करताना दिल्लीत बसलेल्या माणसानं नदी पाहिली होती की फक्त नकाशा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आम्हाला तरी हतनूरवर मालाचं जहाज लागलेलं आजपर्यंत दिसलेलं नाही.

मग एवढं लिहायचं कशाला, असं काही जण म्हणतील. लिहायचं अशासाठी, की नदीवर नाव लागलं की कायदा लागतो. जलमार्ग प्राधिकरणाचा कायदा 1985 चा. त्यात नुसतं पाणी नाही, जलमार्गाला लागून असलेली जमीनही धरलेली आहे. काठावरच्या माणसाचं काय असतं? पाणी उतरलं की गाळपेरा असतो, टरबुजाची वाडी असते, मासळीचं जाळं असतं, जनावरांचा पाणवठा असतो. याचा सातबारा नसतो. ज्याचा सातबारा नाही त्याला सरकार विचारत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. 111 नद्यांची यादी झाली तेव्हा एका ग्रामसभेला तरी कागद आला होता का? वनहक्क कायद्यात कलम 3(1)(घ) आहे. पाण्यातली मासळी आणि पाणवठ्याची बाकीची उपज हा सामूहिक हक्क आहे. आपण सामूहिक दाव्यात जंगल लिहितो, चराई लिहितो, डिंक-मोहा-तेंदू लिहितो. नाला, डोह आणि मासे लिहायचे राहून जातात. ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत त्यांनी हे आत्ताच लिहून घ्यावं.

पैसा मात्र तापीत आलेला नाही. पैसा गेला गंगेत आणि समुद्रात. गंगेच्या जलमार्गाच्या कामाला 2018 साली केंद्रानं 5,369 कोटींची मंजुरी दिली, त्यात जागतिक बँकेचं कर्ज आहे. आणि समुद्राचं म्हणाल तर आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण. 19 जून 2024 ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पंतप्रधान येऊन पायाभरणी करून गेले. खर्च 76,220 कोटी. हा सगळाच्या सगळा सरकारी पैसा नाही, खरं ते सांगितलं पाहिजे. टर्मिनल खासगी भागीदारीत बांधायचे आहेत. पण भराव, बांध, जमीन, रस्ता, रेल्वे हा पाया सरकारी कंपनी घालणार. त्या कंपनीत 74 टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि 26 टक्के महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा. म्हणजे पाया जनतेच्या पैशाचा, मजला कोणाचा ते पुढं कळेल.

डहाणू म्हणजे वारली, कोकणा, दुबळा, कातकरी यांचा मुलूख. समुद्रकाठी मच्छीमार. अख्खा तालुका पाचव्या अनुसूचीत, पेसा लागू. 1991 साली केंद्रानंच डहाणूला पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक भाग म्हणून जाहीर केलं. 1996 ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं तिथं खास प्राधिकरण नेमलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. त्या वेळी एक विलायती कंपनी याच वाढवणला बंदर बांधायला निघाली होती. 1998 साली प्राधिकरणानं नाही म्हणून सांगितलं आणि बंदर थांबलं. धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये वारले. 31 जुलै 2023 ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून हो म्हटलं. समुद्र तोच, किनारा तोच, मासे तेच. काय बदललं ते तिथल्या बायका मोर्चात विचारत होत्या.

या बंदरासाठी 1,448 हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. साडेतीन हजार एकरांच्या वर. साथींनो, इथं जरा थांबा. आपल्याला वनहक्काचा पट्टा देताना चार हेक्टरच्या वर देता येत नाही. चार हेक्टर तरी कोणाला मिळाले? दहा गुंठे, वीस गुंठे असे पट्टे हातात पडलेत. आपल्याकडून 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या कब्जाचा पुरावा मागतात. दोन पुरावे जोडा, म्हाताऱ्याचा जबाब जोडा, दंडाची पावती जोडा. आणि तिथं जी जमीन अजून जन्मलीच नाही, तिचा मालक आधीच ठरलाय.

समुद्र मातीनं, दगडानं भरतात. दगड समुद्रात मिळत नाही, डोंगरात मिळतो. म्हणून बंदर किनाऱ्यावर असलं तरी सुरुंग आदिवासींच्या डोंगराला लागतो. बंदरापासून महामार्गापर्यंत नवा रस्ता, रेल्वेची नवी लाइन, त्याही शेतातून आणि वाडीतून जाणार. रस्ता, रेल्वे, कालवा अशी लांबलचक कामं असली तर वनजमीन देताना ग्रामसभेच्या संमतीची अट 2013 च्या फेब्रुवारीत केंद्रानं बहुतेक ठिकाणी सैल करून ठेवली आहे. आणि 2022 च्या नियमांनी वनहक्काची पूर्तता आधी आणि मंजुरी नंतर हा क्रमच हलवला. हे फक्त डहाणूला नाही, आपल्यालाही लागू आहे.

देशाला बंदर नको का, असं तालुक्याच्या गावी लोक आम्हाला विचारतात. पाण्यावरची वाहतूक स्वस्त पडते, ही गोष्ट खोटी नाही. ट्रकपेक्षा रेल्वे स्वस्त, रेल्वेपेक्षा बोट. आम्ही बोटीच्या विरोधात नाही. पण नफा कुठं आणि झळ कुणाला, हा हिशेब एका वहीत लिहिला पाहिजे. सरकार म्हणतं, सुमारे दहा लाख लोकांना रोजगार मिळेल. ठीक आहे. मग ज्या प्राधिकरणाच्या हातात हे काम आहे त्याचं आधीचं बंदर पाहू. न्हावा-शेवा 1989 ला सुरू झालं. त्या भागात जमिनीच्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायचं तत्त्व निघालं. बंदराच्या जमीनधारकांना त्या साडेबारा टक्क्यांसाठी तिथून पुढं कित्येक वर्षं भांडावं लागलं. शेवा कोळीवाड्याची माणसं उठवून उरणला हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसवली, त्यांच्या पुनर्वसनाचं गाऱ्हाणं चार दशकं संपलेलं नाही. देशातल्या मोठ्या बंदरांत त्याचं नाव आहे. जहाज वेळेवर येतं, पुनर्वसन येत नाही.

आणि बोटीची खरी गरज कुठं आहे ते पाहायचं तर नंदुरबारला जा. सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा-अक्राणीत चढलं, महाराष्ट्राची 33 गावं त्यात सापडली. भिल, पावरा, आपलीच माणसं. जुन्या पायवाटा बुडाल्या. तिथं बोट म्हणजे चैन नाही, बाळंतिणीचा दवाखान्याचा रस्ता आहे. तिथं तरंगता दवाखाना चालवावा लागला. नर्मदाही राष्ट्रीय जलमार्गच आहे ना? मग जलमार्गाचा पहिला रुपया त्या काठावर का पडू नये? चांगली बोट, चढ-उतारायला पक्का धक्का, पावसाळ्यात चालणारं इंजिन. याला हजार कोटी लागत नाहीत. पण त्या बोटीत कंटेनर बसत नाही, बाई बसते.

वाढवणला सरकारी कागदात बारमाही बंदर म्हणतात. सगळ्या ऋतूंत चालणारं. हा शब्द वाचून आम्हाला आमचे टोले आठवले. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला पाऊस लागला की कितीतरी टोल्यांचा रस्ता बंद. नाल्याला पूर आला की पूर उतरेपर्यंत पेशंट अलीकडं आणि दवाखाना पलीकडं. मग बांबूला चादर बांधून झोळी करायची आणि चार जणांनी उचलायची. एका बैठकीत एक आजी म्हणाली, "जहाज काहाले पाह्यजे बाप्पा, नाल्यावर एक फरशी टाकून द्या म्हना." तेवढंच मागणं आहे. त्यावर उत्तर काय येतं? जंगल आहे, परवानगी नाही.

हे उत्तर पूर्ण खरं नाही, आणि म्हणून हे नीट वाचा. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारी रावेर-यावल-चोपडा आहे, मेळघाट आहे, मधे आपण कोरडे. म्हणून पेसा आपल्याला लागत नाही. पण वनहक्क कायदा लागतो. त्याच्या कलम 3(2) मध्ये 13 सुविधा आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज-टेलिफोनची लाइन, तलाव, पिण्याचं पाणी, रस्ता वगैरे. यासाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, आणि ग्रामसभेनं शिफारस केली असेल तर. एक हेक्टर म्हणजे चार मीटर रुंदीचा अडीच किलोमीटर रस्ता. कित्येक टोल्यांचं काम एवढ्यात भागतं. परवानगी विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर होते, दिल्लीला जायची गरज नाही. त्यांना मान्य नसेल तर प्रकरण जिल्हा समितीकडं जातं.

येत्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. निम्मे तरी सभासद हजर पाहिजेत, बायांच्या सह्या-अंगठे राहू देऊ नका. ठरावात रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी-रुंदी किती, मधे किती झाडं, किती टोले, किती घरं, नाल्याचं नाव, हे सगळं लिहा. नुसतं "रस्ता व्हावा" लिहिलं तर कागद फिरून परत येतो. रस्ता ज्या खात्यानं बांधायचा त्या खात्याला प्रस्ताव भरायला सांगा, ठरावाची प्रत वनक्षेत्रपालाला द्या, एक तहसीलला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. पोचेची झेरॉक्स आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकात कोणत्या टोल्याचा कागद कुठं अडकला ते नावासकट छापू.